भाजल्याचा डाग

आजारपणाबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत जाऊबाई आल्या. खोडलं, पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा त्याच. शेवटी म्हटलं, येऊ देत. माझ्या हृदयात काय बिघडलंय हे मला अलीकडे कळलं, पण त्यात सुरेखाताईंबद्दलचा हेवा भरलाय हे लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

माझं नाव वैशाली, वय पस्तीस. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होतात, त्यांची शेवटची तपासणी करते. राहायला निघोज्यात, सासरी. हे लिहिते आहे ते ज्यांचं लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांनी 'आता बरी झाली' म्हणून विषय मिटवला, त्यांच्यासाठी. मीही त्यातलीच एक.

झाकली मूठ

माझे आईवडील लातूरकडचे. वडील भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये लागले आणि आम्ही दिघीत भाड्याच्या खोलीत राहू लागलो. लहानपणी मी रडले की माझे ओठ निळे पडायचे. चार पावलं पळाले की उकिडवी बसायचे. पाच वर्षांची असताना ऑपरेशन झालं. हृदयात भोक होतं ते बुजवलं, फुप्फुसाकडे जाणारी वाट चिंचोळी होती ती मोकळी केली. ओठ गुलाबी झाले. आईने शेजारपाजारी पेढे वाटले. काही वर्षं आम्ही तपासणीला जात राहिलो, मग मी बारा वर्षांची झाले आणि जाणं बंद झालं. धडधाकट पोरीला दवाखान्यात कशाला न्यायचं, असं घरात ठरलं.

स्थळं बघायला लागले तेव्हा छातीवरच्या डागाचा प्रश्न आला. गळ्याच्या खालपासून सरळ खाली उतरलेला व्रण. आईने उत्तर तयार ठेवलं होतं, लहानपणी चहाचं पातेलं अंगावर सांडलं. मी बंद गळ्याचे ब्लाउज शिवून घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नानंतर महिनाभरात मी नवऱ्याला, महेशला, सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगितलंस ते बरं केलंस. आता आईला सांगू नको." आमचं पहिलं गुपित तेच.

कंपनीत लागताना फॉर्मवर 'पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया?' असा रकाना होता. मी 'नाही' लिहिलं. बाळंतपणाला माहेरी होते, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली होती. ईश्वरी सुखरूप झाली आणि चिठ्ठी पर्समध्येच विरली. या दोन गोष्टी मी कुणाला अभिमानाने सांगत नाही.

सुरेखाताई

सुरेखाताई माझ्या मोठ्या दिरांची बायको. सासरचं घर गावातलं जुनं, शेतकरी. जमीन बरीचशी कारखान्यांत गेली, राहिलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून भाड्याने दिल्या. पण सुरेखाताई अजून शेतावर असल्यासारख्या वागतात. भरलेला सिलिंडर एका हाताने तिरका करून स्वयंपाकघरात फिरवत नेतात. गाद्या गच्चीवर वाळत घालतात. पाण्याचा टँकर आला की दोन्ही हातांत दोन कळशा. मी हंड्याला हात लावला रे लावला की कुठूनशा येणार आणि हंडा काढून घेणार. वर पाहुण्यांसमोर म्हणणार, "तू ऱ्हाऊ दे गं. तुला न्हाई जमायचं."

ते वाक्य मला सुईसारखं टोचायचं. मी शिकलेली, पगार आणणारी, आणि या घरात माझी किंमत काय, तर हिला जमायचं नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या की आमची थोरली म्हणजे वाघीण आहे. धाकटीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ती व्हय, ती कंपनीत जाती."

हे सगळं मी सोसलं असतं. पण ईश्वरीसुद्धा त्यांचीच. मी पहिल्या शिफ्टला गेले की तिला उठवायच्या त्या, वेणी घालायच्या त्या, स्कूटरवरून शाळेत सोडायच्याही त्याच. त्यांची स्वतःची मुलं मोठी झालेली, त्यामुळे सगळी हौस माझ्या पोरीवर. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी यायचे तेव्हा ईश्वरी त्यांच्या मांडीवर पाय टाकून अभ्यास करत असायची. मला बघून हसायची, पण पाय काढायची नाही.

शर्यत

ईश्वरी चौथीत असताना शाळेच्या क्रीडादिनाची चिठ्ठी आली. त्यात माता-पालकांची धावण्याची शर्यत होती. 'आई किंवा घरातील महिला' असं लिहिलेलं, खाली नावाला जागा. ती चिठ्ठी ईश्वरीने मला दाखवलीच नाही. मला ती सापडली तेव्हा तिच्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, सुरेखा.

मी विचारलं तर म्हणाली, "आई, काकी जिंकेल ना. तू पळत नाहीस." त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी कधी पळतच नव्हते. मी नाव खोडलं आणि माझं लिहिलं.

शर्यत शंभर मीटरचीसुद्धा नसेल. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. सुरेखाताई कडेला ईश्वरीची पाण्याची बाटली धरून उभ्या होत्या आणि मला म्हणत होत्या, "वैशाली, नगं गं. ऐक माझं." मला वाटलं, बघ, हिला सहन होत नाहीये. शिट्टी झाली आणि मी जीव खाऊन पळाले. अर्ध्यापर्यंत मी दुसरी होते. मग छातीत काहीतरी सुटलं. धडधड नव्हे, धडधड मला ओळखीची होती. हे भलतंच वेगात, ताल सोडून चाललं होतं. डोळ्यांसमोर मैदान पांढरं झालं आणि मी खाली बसले, लहानपणी बसायचे तशीच, उकिडवी.

मला कुणी उचललं ते सांगायला नकोच.

इतकी सरळ रेघ

गावातल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, ईसीजी, काढायला ड्रेसची वरची बटणं सोडायला लावली. आत मी, महेश, सासूबाई आणि दाराशी सुरेखाताई. डॉक्टर डागाकडे बघत राहिले. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सवयीने म्हणाले, भाजल्याचा डाग आहे.

"भाजल्यावर इतकी सरळ रेघ पडत नाही," डॉक्टर म्हणाले.

महेशने जमिनीकडे बघितलं. सासूबाईंनी महेशकडे. मग मी बोलले. दहा वर्षं झाकलेलं दोन मिनिटांत सांगून झालं. घरी उंबऱ्यात आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमाला फशिवलं." त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझी आई दिघीहून आली तेव्हा तिलाही पाणी विचारलं सुरेखाताईंनीच.

आईने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी फाइल आणली होती. कागद पिवळे पडलेले. पण अक्षर स्पष्ट होतं. शेवटी लिहिलं होतं, दरवर्षी तपासणी आवश्यक, आयुष्यभर. आई ते वाचून पदराने तोंड झाकून बसली. मला तिचा राग आला, आणि लगेच माझाही आला, कारण वाचता मलाही येत होतं.

पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात जन्मजात हृदयविकार असलेल्या मोठ्या माणसांसाठी वेगळे डॉक्टर असतात हे मला तेव्हा कळलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. लहानपणी वाट रुंद करताना तिथलं दार, म्हणजे झडप, निकामी झालं. तेव्हा तेच योग्य होतं, म्हणून तर मी जगले. पण दार नसेल तर पुढे ढकललेलं रक्त थोडं थोडं मागे येतं. हृदयाची उजवी बाजू तीस वर्षं हे निमूटपणे सोसते, सोसता सोसता मोठी होते, ताणते, आणि मग एक दिवस ताल चुकतो. माझी ताणायची हद्द जवळ आली होती. नवीन झडप बसवायला हवी होती, आणि माझ्या बाबतीत त्यासाठी छाती पुन्हा उघडायला लागणार होती.

मी म्हटलं, पण मला काहीच त्रास नव्हता. त्यांनी विचारलं, जिने चढताना? वजन उचलताना? मी सांगितलं की घरात वजन मी उचलतच नाही. का, तर जाऊबाई उचलतात. हे मी तक्रारीच्या सुरातच सांगितलं. डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "तरीच तुम्हाला कळलं नाही."

मला वाटलं, घ्या, यातही त्याच.

वॉर्ड

ऑपरेशनच्या संमतीचा कागद माझ्यापुढे आला तेव्हा मरणाचा विचार मनात आला, सगळ्यांच्या येत असेल. पण मला मरणापेक्षा वेगळीच भीती वाटली. मी गेले तर ईश्वरी सुरेखाताईंना आई म्हणेल. आधी चुकून म्हणेल, मग सवयीने. आणि वाईट म्हणजे तिचं काही बिघडणार नाही. वेणी रोजच्यासारखीच घट्ट असेल. मी सही केली ती जगायचंय म्हणून केली, पण त्या जगण्यात किती माया होती आणि किती जळफळाट होता, ते मला वेगळं काढता येणार नाही.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती. पहिले दोन दिवस तुकड्यातुकड्यांत आठवतात. पाणी मागितलं की ओल्या कापसाने ओठ पुसायचे. खोकायचं असलं की उशी छातीशी घट्ट धरायची. सकाळी सहाला वजन, मग रक्त, मग पट्टी बदलणं. तिसऱ्या दिवशी हातात श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळ्यांचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. शेजारच्या खाटेवर देहूरोडच्या शोभाताई होत्या, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, त्यांचंही झडपेचंच. त्या तिन्ही गोळ्या वर नेऊन धरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. माझी एकच हलायची, तीही उपकार केल्यासारखी. मला त्यांचाही हेवा वाटला. नर्स हसून म्हणाली, "मॅडम, यात नंबर नसतो." मला वाटतं, दुसरी गोळी मी शोभाताईंमुळेच चढवली.

बऱ्या गोष्टीही होत्या. रात्रपाळी करून महेश सकाळी यायचा आणि स्टुलावर बसल्याबसल्या झोपायचा, माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावून. माझ्या लाइनवरच्या बायकांनी सगळ्यांच्या सह्या असलेलं कार्ड पाठवलं. मी कंपनीला फॉर्मबद्दल खरं कळवलं होतं. साहेबांनी झापलं, पण काढलं नाही, काम बसून करायचं दिलं. सहाव्या दिवशी सासूबाई आल्या. डब्यात शिरा होता. माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "सांगायचं व्हतं गं बाई." एवढंच. मी खूप रडले, आणि रडताना छाती किती दुखते ते तेव्हा कळलं.

ईश्वरीला वॉर्डात सोडत नव्हते. ती फोनवर दिसायची. फोन धरलेला हात सुरेखाताईंचा, हिरव्या बांगड्या ओळखू यायच्या. मी फोन ठेवला की आधी बांगड्याच आठवायच्या.

हळद

घरी आल्यावर सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही. जखम भरली आणि डॉक्टरांनी अंघोळीला परवानगी दिली. आता मला अंघोळ कोण घालणार? आई दिघीला वडिलांपाशी. महेश कामावर. सुरेखाताई बादली घेऊन आल्या. मी नको म्हणत होते, पण त्यांनी स्टूल टाकलं, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि माझ्या गाऊनच्या नाड्या सोडल्या.

जुन्या व्रणावरून नवा व्रण गेला होता. त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी सोडलं, त्यावर थेंब पडू न देता. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता. म्हटलं, आता तरी हे यांनी पाहायला नको होतं. तेच तोंडातून निघून गेलं. मी म्हणाले, "तुम्हाला हे बघायला लागलं."

"मी काय आज बघती व्हय?" त्या म्हणाल्या. "तुझी हळद फेडली तवाच बघितला हा."

आमच्याकडे लग्नानंतर नव्या नवरीची हळद सासरी फेडतात. घरातली मोठी सून तिला न्हाऊ घालते. माझी हळद त्यांनीच फेडली होती, याच न्हाणीघरात. मी तेव्हा पाठमोरी बसले होते, ओलं लुगडं गळ्यापर्यंत ओढून, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की मी जिंकले.

"भाजल्याचा न्हाई ते तवाच कळलं मला. माझ्या धाकट्या भनीला आसाच व्हता." त्या पाण्याकडे बघत बोलत होत्या. "बरी झाली म्हनून तिचं लगीन लावलं. सासरी कांद्याच्या गोन्या उचलायची. तिसऱ्या वर्षी बांधावरच गेली."

त्यांनी तांब्या भरला, पुन्हा बादलीत ओतला.

"सासूबाईला सांगितलं आसतं तर तुला माघारी धाडली आसती. म्हनून मी गप ऱ्हायले. मला वाटलं, हिला वजन उचलू न्हाई दिलं म्हंजी झालं. दवाखान्यात न्यावं, हे माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाई बघ." मग म्हणाल्या, "मीच तुला आजारी पाडलं का गं?"

मला डॉक्टरांचं थांबलेलं पेन आठवलं. सगळे हंडे, सगळे सिलिंडर, पाहुण्यांसमोरचं ते 'तुला न्हाई जमायचं'. मिरवणं म्हणून मी ज्याच्यावर दहा वर्षं जळत होते ते हे होतं. आणि त्यांच्या त्या मायेनेच माझा दम लागणं मला कळू दिलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. आईने लपवलं, महेशने लपवलं, मी लपवलं. आणि ज्यांच्यापासून लपवलं त्यांनीही लपवलं. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच.

मी म्हटलं, "तुम्ही नसतात तर मी पळाले नसते ताई. पळाले नसते तर कळलंच नसतं."

त्यांना ते नीट समजलं नसावं. त्या म्हणाल्या, "मी तर नगं म्हनत व्हते." मी सांगितलं, मला तुमचा हेवा वाटायचा, ईश्वरीपायी, म्हणून पळाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या की ते त्यांना माहीत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. मग त्यांनी माझे केस पुसले, जरा जोरातच.

यंदा

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. नवी झडप चांगली चालते आहे. हृदयाची उजवी बाजू थोडी आवरली आहे, पूर्ण आवरणार नाही असं डॉक्टर म्हणतात. ही झडपही कधीतरी बदलावी लागेल. मी दर सहा महिन्यांनी जाते आणि फाइल कपाटात सगळ्यांना दिसेल अशी ठेवते. तुमच्या छातीवर अशी सरळ रेघ असेल तर काही दुखत नसलं तरी जा. दुखण्याची वाट बघू नका. आणि घरात जो कुणी तुमच्या हातातून ओझं काढून घेतो, त्याला एकदा कारण विचारा.

मी बदलले का, तर फारशी नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही. पूर्वी मला त्यांच्या ताकदीचा हेवा वाटायचा, आता चांगुलपणाचा वाटतो, आणि तो जास्त त्रास देतो, कारण त्यात त्यांचा काही दोष काढता येत नाही.

गेल्या महिन्यात शाळेतून क्रीडादिनाची चिठ्ठी आली. या खेपेला ईश्वरीने ती माझ्या हातात दिली आणि तिथेच उभी राहिली. मीच त्यावर सुरेखाताईंचं नाव लिहिलं. पुढे 'विद्यार्थिनीशी नाते' असा रकाना होता. तिथे 'काकी' लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. ईश्वरी म्हणाली, आई, रेघ कशाला? मी म्हटलं, नीट दिसावं म्हणून.

सुरेखाताई नऊवारीचा ओचा खोचून, पोराचे बूट घालून पळाल्या आणि दुसऱ्या आल्या. मी टाळ्या वाजवल्या, घसा बसेपर्यंत ओरडले. पहिल्या आल्या असत्या तर थोडं जड गेलं असतं, ते लपवत नाही.

निघताना डबे, पाण्याच्या बाटल्या, बूट, सतरंजी, सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं होतं. पिशवी माझ्या पायाशी होती. सुरेखाताई धापा टाकत आल्या आणि सवयीने त्यांचा हात तिकडे गेला. मला आता एवढं उचलायला डॉक्टरांची परवानगी आहे. मी पिशवी आधी उचलली.

"दे इकडं," त्या म्हणाल्या.

"राहू द्या ताई," मी म्हटलं. "तुम्हाला दम लागलाय."

ईश्वरी आमच्या दोघींच्या मधून चालत होती. फाटकापर्यंत सुरेखाताईंनी दोनदा पिशवीकडे बघितलं आणि एकदा माझ्या तोंडाकडे. मी दिली नाही.